दुबार पेरणीची नोंद कोण ठेवणार?

ज्या वर्षी जूनच्या अखेरीस पाऊस पाठ फिरवतो, त्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वाशीम जिल्ह्यातून जाणाऱ्या प्रवाशाला एक विसंगत दृश्य पाहावयास मिळते. रस्त्याच्या एका अंगाला सोयाबीनची तासे हिरवी दिसू लागलेली असतात आणि दुसऱ्या अंगाला, जेथे त्याच आठवड्यात पेरा झाला होता तेथे, पुन्हा वखर फिरत असतो. धुऱ्यावर बियाण्याच्या नव्या पिशव्या ठेवलेल्या असतात. शेतकरी फारसा बोलण्याच्या मनःस्थितीत नसतो. पहिल्या पेरणीचे बी जमिनीत कोंबासह करपलेले असते, त्या बियाण्याची उधारी दुकानदाराच्या वहीत तशीच असते आणि आता त्याच वहीत दुसरी नोंद पडत असते.

दुकानदाराच्या वहीत दोन नोंदी पडतात. सरकारच्या दप्तरात मात्र एकच पडते. या लेखाचा विषय तोच आहे. दुष्काळ पडला की नाही हे ठरवताना, नुकसानभरपाई ठरवताना आणि विमा देताना जे कागद पाहिले जातात, त्यांपैकी एकाही कागदावर दोनदा पेरलेल्या वावराची वेगळी ओळख नाही. दुसऱ्यांदा पेरलेले शेत हे ‘पेरलेले शेत’ म्हणूनच गणले जाते आणि गावाचा पेरा पूर्ण झाल्याचा अहवाल वर जातो.

भाषेची गंमत अशी की, शेतीच्या सरकारी आकडेवारीत ‘एकापेक्षा अधिक वेळा पेरलेले क्षेत्र’ असा एक रकाना फार जुन्या काळापासून आहे. परंतु त्याचा अर्थ निराळा. एकाच जमिनीत खरिपाचे पीक काढून रब्बीचेही घेतले तर ते क्षेत्र त्या रकान्यात जाते आणि ते सुबत्तेचे लक्षण मानले जाते. विहीर असलेल्या बागाईतदाराने दोनदा पेरले तर त्याची गणती होते. कोरडवाहू शेतकऱ्याने बी मेल्यामुळे दोनदा पेरले तर ती होत नाही.

वाशीम जिल्ह्याच्या वाट्याला ही दुबार पेरणी का येते, हे समजण्यासाठी त्याची जागा पाहिली पाहिजे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर वसलेला आहे. काटेपूर्णा येथून उत्तरेकडे पूर्णेच्या आणि पर्यायाने तापीच्या खोऱ्यात जाते. पूस, अरुणावती आणि अडाण या नद्या आग्नेयेकडे निघून गोदावरीच्या खोऱ्याला मिळतात. दक्षिणेच्या अंगाला पैनगंगा आहे. म्हणजे येथे पडलेले पाणी दोन्ही दिशांनी बाहेर जाते आणि बाहेरून येणारे पाणी फारसे नाही. पाऊस सरासरीने आठशे मिलीमीटरच्या आसपास पडतो आणि आकड्यावरून पाहणाऱ्याला हा जिल्हा अवर्षणप्रवण वाटत नाही. परंतु पिकाला सरासरी पाऊस लागत नाही. त्याला त्या त्या आठवड्यातला पाऊस लागतो. पैनगंगेच्या काठच्या खोल काळ्या जमिनीत पंधरा दिवसांची उघडीप निभावते. डोंगरउताराच्या मुरमाड जमिनीत आठ-दहा दिवसांतच अंकुर मान टाकतो. एकाच मंडळात, कित्येकदा एकाच शिवारात, या दोन्ही जमिनी असतात.

दुबार पेरणी ही आजची गोष्ट नव्हे. आमच्या घरी ज्वारी पिकत होती त्या काळातही मिरगात पेरलेले मोडून आर्द्रात पुन्हा तिफण जुंपावी लागे. पण तेव्हा त्या घटनेचे वजन निराळे होते. एक एकर ज्वारीला तीन-चार किलो बी पुरे. निवडलेल्या कणसांचे बी राखेत घोळून घरातच ठेवलेले असे आणि ते थोडे जास्तच ठेवण्याची वडीलधाऱ्यांची सवय होती. पहिला पेरा गेला तर बैलांचे चार दिवस आणि पायलीभर धान्य गेले, असा तो हिशेब होता. १९६४ मध्ये सी. एस. एच.-१ ही संकरित ज्वारी आली आणि दरवर्षी बी विकत घेण्याची पद्धत पडली हे खरे. तरी विकत घ्यावयाचे ते एकरी तीन-चार किलोच. शिवाय ज्वारीच्या ओळींत तूर, मूग, उडीद, अंबाडी असे काही ना काही असायचेच. एक मेले तर दुसरे उभे राही.

सोयाबीनने हा हिशेब पालटला. या पिकाने वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या हाती दिवाळीपूर्वी रोख पैसा दिला, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. १९९४ मध्ये प्रसृत झालेल्या जे. एस. ३३५ या वाणाने तर येथील शिवारांचा रंगच बदलून टाकला. परंतु सोयाबीनला एकरी सुमारे तीस किलो बी लागते, म्हणजे ज्वारीच्या आठ-दहा पट. तीन एकरांच्या शेतकऱ्याचा पेरा मेला तर एक क्विंटलच्या जवळपास बियाणे मातीत गेले. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये होती. बियाण्याच्या पिशवीतले सोयाबीन धान्याच्या भावाने मिळत नाही, ते त्याहून पुष्कळच महाग असते, हे सांगावयास नकोच.

या बियाण्याची प्रकृतीही नाजूक आहे. त्याचे टरफल पातळ असते आणि अंकुर त्या टरफलाला लागूनच असतो. मळणीयंत्राचा वेग थोडा वाढला, पोते उंचावरून आपटले, थप्पी उंच रचली गेली, तरी आतला अंकुर दुखावतो आणि दाणा वरून धडधाकट दिसतो. उगवण्यासाठी ते आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी शोषून घेते; मक्याच्या दाण्याला सुमारे तीस टक्के पुरते. अर्ध्या ओलीत पेरलेले सोयाबीन म्हणूनच धड उगवत नाही आणि धड पडूनही राहत नाही. ते फुगते, कुजते आणि संपते. ज्वारीचे बी कोरड्या मातीत पावसाची वाट पाहत पडून राहू शके. सोयाबीनला वाट पाहता येत नाही.

याचा अनुभव महाराष्ट्राने २०२० मध्ये घेतला. आदल्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस कोसळला होता. शेंगा शेतात भिजल्या, गंजी भिजल्या. त्याच पिकातून पुढच्या वर्षाचे बियाणे व्हावयाचे होते. जून २०२० मध्ये राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. तक्रारीच्या पंचनाम्यात शेतकऱ्याला विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात: पाऊस किती झाला असता पेरले? किती खोल पेरले? बीजप्रक्रिया केली होती काय? प्रश्न चुकीचे नाहीत. मात्र बियाणे कोणत्या पावसात भिजले होते, हाही तितकाच योग्य प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शेतकऱ्यापाशी नसते. एका शरदातला पाऊस पुढच्या वर्षीच्या मृगात शेतकऱ्याला गाठतो, असा हा प्रकार आहे.

येथे कृषी खात्याची बाजू मांडणे न्यायाचे होईल. पंचाहत्तर ते शंभर मिलीमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नका, असे खाते दरवर्षी कंठशोष करून सांगत असते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ सांगते, करडा येथील कृषी विज्ञान केंद्र सांगते. तरीही पहिल्या दोन सरींवर पेरणी होते. मग हा दोष शेतकऱ्याच्या उतावळेपणाचा नव्हे काय?

काही अंशी तो आहे. पण उतावळेपणा म्हणून जे दिसते त्यामागे एक गणित असते. काळ्या जमिनीत पाऊस लागून राहिला की वापसा येत नाही आणि आठवडाभर वावरात पाय घालता येत नाही; शंभर मिलीमीटरची वाट पाहणारा कधी कधी अडीचशे मिलीमीटरमध्ये अडकतो. बहुसंख्य शेतकऱ्यांकडे आता बैलजोडी नाही. पेरणीयंत्र ज्या दिवशी मिळेल तोच पेरणीचा दिवस. पाळी चुकली तर पुन्हा चार दिवस गेले. आणि पर्जन्यमापक असतो तो मंडळाच्या गावी. नाल्याच्या अलीकडे पडलेला पाऊस पलीकडे पडलेला नसतो, ही गोष्ट शेतकऱ्याला ठाऊक आहे. म्हणून तो मिलीमीटर मोजत नाही, वावरात कुदळ मारून वीतभर ओल गेली की नाही ते पाहतो. प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसवण्याची केंद्राची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली होती. ती सर्वत्र पुरी होईपर्यंत कुदळीचीच मोजणी अधिक विश्वसनीय ठरेल, असे आम्हांस वाटते.

या सर्वांहून मोठे कारण निराळेच आहे. उशिरा पेरण्याची शिक्षा शेतकऱ्याला पक्की माहीत असते. सोयाबीन जुलैच्या मध्यानंतर पेरू नये अशी शिफारस आहे, ती उगाच नाही. हे पीक दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस लहान होऊ लागले की झाड वाढले असो वा नसो, ते फुलावर येते. म्हणून उशिराच्या पेऱ्याचे झाड गुडघ्याखालीच फुलते आणि शेंगा मोजक्या धरते. शिवाय मघा आणि पूर्वा ही नक्षत्रे, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ, पावसाच्या लहरीचा असतो. मोसमी पावसाचा आस हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की मध्य भारतात दोन-दोन, तीन-तीन आठवडे थेंब पडत नाही. वेळेवर पेरलेले पीक त्या वेळी शेंगा भरत असते आणि त्याची मुळे खोल गेलेली असतात; दुबार पेरलेले फुलावर असते आणि त्याची मुळे वरच्या थरातच असतात. तीच उघडीप एकाचा उतारा कमी करते आणि दुसऱ्याची फुले गाळते.

येथवरची हानी डोळ्यांना दिसते. पुढची दिसत नाही आणि आमच्या मते तीच मोठी आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलेले सोयाबीन सप्टेंबरअखेर निघते. त्यानंतर जमिनीत जी ओल शिल्लक असते, तिच्यावर कोरडवाहू हरभरा पेरावयाचा असतो आणि त्याची वेळ सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतची. दुबार पेरलेले सोयाबीन, दिवस लहान झाल्याने ते काहीसे लवकर आटोपले तरी, ऑक्टोबरच्या उत्तरार्धापूर्वी वावर मोकळे करीत नाही. तोवर ऑक्टोबरच्या उन्हाने वरची ओल उडवलेली असते, भेगा पडू लागलेल्या असतात. ज्याच्याकडे विहीर आहे तो ओलवून पेरतो. ज्याच्याकडे नाही त्याचे वावर पुढच्या मृगापर्यंत पडीक राहते. म्हणजे जुलैमध्ये मेलेले बी एक पीक अर्धे करते आणि दुसरे पीक होऊच देत नाही. शेतकऱ्याने जूनमध्ये घाई का केली, याचे उत्तर जूनमध्ये नसून ऑक्टोबरमध्ये आहे.

आता दप्तराकडे वळू. दुष्काळ जाहीर करण्याची पद्धत २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेने ठरवून दिली आहे. पावसाची तूट, पावसातील खंड, भूजल, जमिनीतील ओलावा, उपग्रहातून दिसणारी हिरवाई आणि पेरणीखालील क्षेत्र अशा निकषांचा तीत विचार होतो. पेरणीखालील क्षेत्र घटले तर तो दुष्काळाचा पुरावा. परंतु दुबार पेरणी करणाऱ्याने ते क्षेत्र घटू दिलेले नसते. कर्ज काढून, उधारी करून त्याने वावर पुन्हा पेरलेले असते आणि त्यायोगे आपल्याच दुष्काळाचा एक पुरावा त्याने पुसून टाकलेला असतो. उपग्रहालाही ऑगस्टमध्ये हिरवळच दिसते. ती गुडघ्याखालची आहे हे त्याला दिसते की नाही, हा तज्ज्ञांचा विषय आहे.

२०२३ चे उदाहरण ताजे आहे. त्या वर्षी मोसमी पाऊस विदर्भात जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला. २२ जुलै रोजी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात महापूर आला. नंतरचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ठरला. देशाची तूट ३६ टक्के होती. अधिक श्रावणामुळे पोळा १४ सप्टेंबरला आला, तोवर उशिराच्या पेऱ्यांचे जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. ३१ ऑक्टोबर रोजी राज्य शासनाने १५ जिल्ह्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. वाशीमला लागून असलेला लोणार तालुका त्या यादीत होता. वाशीम जिल्ह्यातील एकही नव्हता. यादीत ‘मालेगाव’ हे नाव वाचून आमच्या परिचयाचे एक गृहस्थ क्षणभर हरखले, पण ते मालेगाव नाशिक जिल्ह्यातले निघाले. पुढे एक हजाराहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर करण्यात आली, यावरून पहिल्या यादीच्या चाळणीतून किती सुटले होते हे शासनानेच मान्य केले असे म्हणावे लागेल. रिसोड तालुका आणि लोणार तालुका यांच्यामधील सीमेवर ढग अडत नाहीत; निकष मात्र अडतात.

विम्याची कथा याहून वेगळी नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत पेरणीच न होणे वा उगवण न होणे या जोखमीची तरतूद होती. विमा क्षेत्रातील तीन-चतुर्थांश क्षेत्र बाधित झाले तरच ती लागू होई, विमा रकमेच्या पंचवीस टक्के मिळत आणि तेथेच विमा संपुष्टात येई. म्हणजे भरपाई घेऊन पुन्हा पेरणाऱ्याचे दुसरे पीक विम्याविना उभे राहावयाचे. ही तरतूद सदोष होती. तरी ती होती. २०२५ च्या खरिपासाठी राज्याने योजना बदलली, एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाईसाठी पीककापणी प्रयोगाचा निकष तेवढा ठेवला. पीककापणी प्रयोग हंगामाच्या शेवटी उभ्या पिकाचे उत्पादन मोजतो. ते पीक उभे करण्यासाठी किती वेळा पेरावे लागले, हे मोजण्याचे ते साधन नव्हे. आपत्ती निवारण निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही किमान ३३ टक्के नुकसान झाले असेल तर, अशी मदत होती. उघड आहे की, जे पीक मोडून नवे पेरले त्याचा पंचनामा करावयास शेतात काही शिल्लकच नसते. पंचनाम्यासाठी मेलेले पीक तसेच ठेवावे तर पेरणीची वेळ जाते. पेरावे तर पुरावा जातो.

उपाय फार मोठे नाहीत, म्हणूनच ते सुचवण्याचे धाडस करतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवू लागला. पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन आणि लागवडीचा दिनांक तो त्यात भरतो. दुबार पेरणीनंतर भरलेला दिनांक दुसऱ्या पेरणीचा असतो. पहिला कोठेच नसतो. त्या नोंदीत पहिल्या पेरणीचा दिनांक आणि मोडलेल्या वावराचे छायाचित्र यांना जागा करून द्यावी. पाहणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून तेवढ्यापुरती खुली ठेवावी. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नावाबरोबर हा एक रकानाही बदलला असता तर बरे झाले असते. खोटे दावे येतील अशी भीती घातली जाईल. पण बियाण्याच्या दुकानातील पावत्या, मंडळाचा दैनिक पाऊस आणि शेजारच्या दहा शेतांची स्थिती एकत्र ठेवली तर लबाडी लपणे सोपे नाही.

दुसरी गोष्ट बियाण्याची. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्याने एकदा प्रमाणित बियाणे आणले की तीन वर्षे घरचे बी वापरता येते. गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ओले ठेवायचे आणि आठवड्याने मोजायचे. सत्तर उगवले तर बी पेरण्याजोगे. या चाचणीचा प्रचार खात्याने मनापासून केला आहे आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण घरचे बी ठेवणारा बहुधा पहिल्या पेरणीपुरतेच ठेवतो. दुसऱ्यांदा त्याला दुकानातच जावे लागते आणि त्या आठवड्यात दुकानात जे असेल ते, ज्या भावाने असेल त्या भावाने, घ्यावे लागते. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात तूर, तीळ, सूर्यफूल, बाजरी यांचे राखीव बियाणे ठेवावे. जुलैचा मध्य उलटल्यावर सोयाबीनवरच हट्टाने दुसरा डाव लावण्याऐवजी शेतकऱ्याला निदान पर्याय तरी मिळेल. ज्वारीचेही ठेवावयास हरकत नाही. चाऱ्याला तरी ती उपयोगी पडेल, आणि एकरी तीन-चार किलोच लागते.

विदर्भात अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला जाहीर होते. तोवर सोयाबीन विकले गेलेले असते, बियाण्याची उधारी सव्याज फिटलेली किंवा पुढे ढकललेली असते आणि ज्या वावरात हरभरा पेरावयाचा राहून गेला, तेथे वखरणीचीही घाई उरलेली नसते.